एकावर एक दोन पॅड

वाळूजच्या कंपनीत, गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या लाइनवर मला आठ वर्षं झाली. पंधरा बायकांची मी लीडर. आमच्या एप्रनला खिसा नाही, कारण बारीकसारीक पार्ट खिशात जाऊन हरवतात. पर्स ठेवायची गेटजवळच्या लॉकरमध्ये आणि बायकांचं बाथरूम कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पाळीत पॅड बदलायचं म्हणजे आधी लॉकर गाठायचा, मग पॅड ओढणीत लपवून सगळ्या पुरुषांसमोरून जायचं.

त्यावर आम्ही बायकांनी एक तोड काढली होती. घरून निघतानाच एकावर एक दोन पॅड लावायची. वरचं भरलं की काढून टाकायचं, खालचं कोरं तयार. मला ही तोड माझ्या आधीच्या लीडरनं शिकवली आणि मी ती प्रत्येक नव्या पोरीला मोठ्या तोऱ्यात शिकवत आले.

मागच्या वर्षी बिडकीनजवळच्या खेड्यातून एक पोरगी ट्रेनी म्हणून आली. हात इतका चपळ की मीच बघत राहायचे. सहा महिने नीट काढले की कायम होणार होती. घरातून नोकरीसाठी बाहेर पडलेली ती पहिलीच, आणि नोकरी सुटली तर लग्न लावून देऊ, असं बापानं आधीच बजावलेलं. पण दुसऱ्या महिन्यापासून तिच्या दांड्या सुरू झाल्या. दर महिन्याला तीन दिवस गायब. चौथ्या महिन्यात सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, अजून एक दांडी झाली तर तिचं नाव कमी करावं लागेल."

माझं डोकं सणकलं. तशी मी तापटच. जेवणाच्या सुटीत तिला गाठलं. "काय गं, कंपनी काय तुझ्या मामाची हाय का?"

तिचे डोळे भरून आले. "ताई, त्या दिवसांत चालताच येईना मला. लई आग होती."

मी तिला तडक फर्स्ट-एड रूममध्ये नेलं. सिस्टरनं पडद्याआड तपासलं, विचारपूस केली आणि बाहेर येऊन विचारलं, "दोन-दोन पॅड लावायला कुणी सांगितलं हिला? मांड्या सोलवटल्यात, पुरळ उठलंय."

पोरगी खाली बघत म्हणाली, "कुणी नाय. माझं मीच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला दोन मिनिटांपूर्वी मी झापलं, ती मला पाठीशी घालत होती. "मी सांगितलं," मी म्हणाले.

सिस्टरनं मग आम्हा दोघींची एकदमच हजेरी घेतली. कपाटातून पॅड काढलं, रुमालाची घडी घातली, म्हणाली, ही चड्डी समजा. चिकट बाजू कापडाला घट्ट बसवायची. विंग्ज कडेवरून खाली दुमडून चड्डीच्या खालच्या बाजूनं चिकटवायच्या. दुसऱ्या पॅडच्या विंग्जना धड चिकटायला जागाच राहत नाही, त्या मांडीला काचतात. दोन थरांत घाम कोंडतो, आणि आत अजून एक आहे या भरवशावर बाई तासन्‌तास उठत नाही. एकच लावायचं, भरलेलं असो-नसो, चार-पाच तासांनी बदलायचं. साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं, पावडर अजिबात नाही. चड्डी सुती, फार घट्ट नको. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं आणि हात साबणानं धुवायचे.

एवढं साधं! आणि मी आठ वर्षं धरून चालले होते की पाळीत एवढं काचणारच. स्वतःचाच भयंकर राग आला.

तो राग घेऊन मी सुपरवायझरकडे गेले. बायकांच्या बाथरूममध्ये पॅड ठेवायला कपाट पाहिजे, आणि मागेल तिला पाच मिनिटांची सुटी. तोवर तिच्या जागी मी बसेन. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही मेल करा ना." मी म्हटलं, "मेल नाय करत. व्हय म्हणेपर्यंत हितंच उभी राहते." त्यानं घाईघाईनं मान डोलावली. आठवड्याच्या आत कपाट आलं.

पुढच्या पाळीत पोरगी तिन्ही दिवस कामावर होती. दांडी नाही. सहा महिने भरले आणि ती कायम झाली. पण माझ्या लक्षात राहिला तो त्या तिन्हींतला पहिला दिवस. माझीही तारीख नेमकी तेव्हाच आलेली. अकरा वाजता तिनं हात वर केला आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली, "ताई, पॅड बदलून येते."

बाजूच्या मशीनवरच्या दोघांनी माना वळवल्या. मी एकदा त्यांच्याकडे बघितल्यावर ते परत कामाला लागले. मी तिच्या जागी बसले. चार मिनिटांत ती परत आली, पण बसायचं सोडून माझ्याजवळ उभी राहिली.

"आता तुमी जाऊन या. हितलं मी बघते."

"मला काय झालंय?"

ती वाकून कानाशी म्हणाली, "ताई, सकाळपासून तुमी पाय फाकून चालताय."

सवयीनं दोन पॅड लावून आलेली मी मुकाट्यानं उठले.