उलथनं घेतलेली काकू

लातुरात क्लासच्या पोरांसाठी खानावळ चालवणाऱ्या रत्नम्माकाकूंचा एकच नियम होता: ताटात अन्न टाकायचं नाही. कुणी अर्धी भाकरी टाकून उठलं, की काकू उलथनं घेऊन दारात उभ्या. "बस खाली. संपव आन् मग जा डाक्टर व्हायला."

हा नियम भूकंपातला. किल्लारीजवळच्या गावात त्यांचं घर पडलं, माणसं मात्र वाचली. पत्र्याच्या शेडमध्ये राहताना काकूंनी चुलीवर साऱ्या गल्लीचा स्वयंपाक केला. तेव्हा एकेका घासासाठी रांगा लागलेल्या त्यांनी पाहिल्या. पुढं नवरा चन्नबसप्पासोबत त्या लातुरात आल्या. शहरात क्लास वाढत होते, परगावची पोरं उपाशी हिंडत होती. काकूंनी पुन्हा चूल मांडली.

त्या पोरांतला एक मुदखेडचा मुज्तबा. पुस्तकात कमी आणि गेममध्ये जास्त रमणारा. मेडिकलला नंबर लागला नाही, तो नांदेडला इंजिनिअरिंगला गेला. काही वर्षांनी त्यानं आणि त्याची चुलत बहीण जेबा हिनं मिळून मोबाइलचा एक गेम काढला. क्लासला निघालेलं वाळकं पोरगं, वाटेत संकटं आणि शेवटी महाखलनायक, क्लासचे सर. पहिल्याच टप्प्यावर खानावळीच्या दारात एक बाई होती. उलथन्याचा एक फटका मारायची आणि चुकवलं की गायब. तिला नावसुद्धा नव्हतं.

खानावळीत जेवणारी हदगावची अंबिका एके दुपारी तो गेम खेळता खेळता खुदखुदत होती. काकूंनी मोबाइल हातातून घेतला. हिरवं लुगडं, कपाळावर विभूती, हातात उलथनं.

"ही मी हाय का?"

अंबिकानं पडद्यावर गेम करणाऱ्याचं नाव दाखवलं: मुज्तबा.

काकूंनी तिच्याच फोनवरून मुज्तबाला गाठलं. "काय रं, तुला येवढ्या मायेनं जेवू घातलं, आन् तू मला गुंड करून राहिलास?"

"काकू, गुस्सा नका करू. मी येतो लातूरला."

राग असला तरी काकूंना त्यापेक्षा वाईटच जास्त वाटलं. सगळ्या पोरांना आपण अशाच दिसलो की काय, या विचारानं त्या दिवशी त्यांनी कुणालाच टोकलं नाही. चार पोरांनी भाकरी टाकली, काकू नुसत्या बघत राहिल्या.

रविवारी मुज्तबा आणि जेबा आले. काकूंनी आधी वाढलं आणि मग तोंड उघडलं. "आता बोल."

"काकू, लोकं तुम्हालाच मागून राहिलेत," मुज्तबा म्हणाला. "पोरं मुद्दाम पहिल्या टप्प्यावर थांबतात, तुमचा मार खातात. म्हणतात, हिरो नको, आम्हाला काकू होऊन लढू द्या."

"म्हणजे मी सरांना मारणार?"

"हाव!"

काकूंच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. जेबानं वही काढली. काकू चुलीपुढं बसल्या, ती चित्रं काढत गेली. मुज्तबानं डाव समजावला. "तुम्ही गरम भाकरी फेकाल, ती भिंगरीसारखी फिरत जाईल..."

"थांब!" काकू कडाडल्या. "अन्न फेकायचं न्हाई. तेवढं केलंस तर माझं नाव काढ त्यातून."

मुज्तबा गोंधळला. जेबा मात्र पाहत होती: बोलता बोलता काकूंनी पदर कमरेला खोचला होता आणि मुज्तबा आपोआप दोन पावलं मागं सरला होता. "हाच डाव!" ती ओरडली.

काकूंनी आणखी एक अट घातली. "हरलेल्याला जेवू घालायचं. उपाशी न्हाई पाठवायचं कुणाला."

दोघांना आपापसांत लढता येईल असा नवा गेम आला, तेव्हा लढवय्यांच्या रांगेत 'रत्नम्माकाकू' पहिल्या होत्या. पदर खोचला की समोरचा लटपटायचा. उलथन्याच्या तीन फटक्यांत सर आडवे, आणि लगेच पाटावर बसून आमटी-भाकरी खाताना दिसायचे. जूनमध्ये आलेली नवी पोरं दारात थबकून काकूंकडं पाहायची. काही जण तर उलथन्याला हात लावून बघायचे. काकूंचं टोकणं पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच जोरात.

खरी गंमत चन्नबसप्पांची झाली. जन्मभर कमी बोलणारा हा माणूस गेममध्ये असा तरबेज झाला की पोरं त्याला गुरू मानू लागली. दुपारची पंगत उठली की नवरा-बायको दोन मोबाइल घेऊन ओट्यावर बसत.

"तुमी मला घ्या," काकू म्हणत, "मी त्या वाळक्या पोराला घेते. बिचाऱ्याला कुणी घेईना."

मग चन्नबसप्पा काकूंच्या हातून काकूंनाच यथेच्छ चोप देत, आणि काकू इतक्या हसत की शेजारच्या क्लासमधली पोरं खिडकीतून डोकावत.