‘मा’ म्हणजे बधिर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अबुधाबीच्या एका इस्पितळात हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते. एका दुपारी बांधकामावरचा एक चिनी कामगार आला. सळ्यांचा भारा पडून त्याची नडगी मोडली होती. प्लास्टर घालून त्याला माझ्याकडे पाठवलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला चिनी.

आधी तो नुसता कण्हत होता. मग एकच सुरू झालं, “मा, मा.”

“आईला बोलावतोय,” माझ्याबरोबरची केरळची सिस्टर म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मी कपाळावरून हात फिरवला, तर त्याने तो झिडकारला आणि पायाकडे बोट केलं. “मा.” पायाची बोटं सुजली होती, पण प्लास्टरनंतर ती थोडी सुजतातच.

तरी मला राहवेना. त्याच्या कंपनीची चिनी दुभाषी दुबईहून निघाली होती. तिला मोबाइल लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. तो भडाभडा बोलला.

“आईला नाही बोलावत,” ती मला म्हणाली. “आईचा ‘मा’ सपाट सुरात. याचा सूर वर चढतोय. पाय बधिर झालाय म्हणतोय.”

मी अंगठ्याला करकचून चिमटा काढला. त्याला कळलंसुद्धा नाही.

इजिप्तचे सर्जन धावत आले. प्लास्टर कापलं. पोटरी दगडासारखी टणक. “आतल्या सुजेने रक्त अडलंय. उशीर झाला तर पाय जाईल. यल्ला, चला, थिएटर.”

दुभाषी पोचली तेव्हा ऑपरेशन चालू होतं. आम्ही दोघी दाराबाहेर बसलो. वेळ जाईना, म्हणून असेल, ती बोलत राहिली. तळहातावर बोटाने तिने त्या ‘मा’चं चिनी अक्षर काढलं: छपराखाली वाळत टाकलेली भांगेची झाडं. सालीचे दोर व्हायचे, पण खाल्लं की अंग सुन्न. म्हणून बधिर व्हायलाही तोच शब्द, भूल देण्याच्या शब्दातही तोच.

“आमच्याकडे एक मिरी असते, जीभ झिणझिणते. त्यालाही ‘मा’च म्हणतो.”

“आम्ही रत्नागिरीकर बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालतो,” मी म्हटलं. “तसंच होतं.” दोघींची नजर दारावरच होती.

सर्जन बाहेर आले. “पाय वाचला. हमदुलिल्ला.” ती तोंडावर हात ठेवून रडली.

काही आठवड्यांनी तो कुबड्या घेऊन वॉर्डातून चालत गेला. दोन बोटांत मात्र संवेदना परतली नव्हती.