तीन लहान पंखे

नामदेवकाका गेल्याचं मला यंत्रघरातच कळलं. सोनाळ्याहून त्यांचा पुतण्या आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका गेले." मी पंख्याची पाती पुसत होतो, पुसतच राहिलो... याला महिना झाला. तेव्हापासून अंगात एक थकवा आहे, तो जात नाही.

आमच्या दवाखान्यात काका उन्हाळाभर खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे आणि थंडीत आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायचे. मी देऊळघाटचा, घरातला पहिला कॉलेज शिकलेला. इमारतीची देखरेख माझ्याकडे आली. वीज आली तेव्हा मी ठरवलं, मागच्या खोलीत एकच मोठा पंखा बसवायचा, ओल्या वाळ्यातून हवा ओढायची आणि पत्र्याच्या नळातून सगळ्या वॉर्डांत सोडायची.

"साहेब, एकच मोठा काऊन? तीन लहान बसवा न. एक बंद पडला त दोन चालतीन."

"काका, हे शिकलेल्याचं काम आहे."

"असन बाप्पा. पन एका बैलाच्या भरोशावर कोनी पेरनी करते काय?"

खोलीत काम करणारे गवंडी हसले. मला ते झोंबलं. त्याच दिवशी जुन्या ताट्या मोडीत काढायच्या कागदावर मी सही ठोकली.

मोठा पंखा बसला, आणि मे महिन्यात भर दुपारी त्याची मोटर जळाली. बाळंतिणींच्या वॉर्डात तान्ही लेकरं होती. त्यातल्या एकाचं रडणं थांबलं, नुसती धाप लागली. मी मोटरीपुढे उभा, हातात पाना, डोकं बंद... काका मात्र बंबाच्या खोलीतून, लाकडांमागून, एकेक ताटी ओढून आणत होते.

"काका, या मोडीत दिल्या नाहीत?"

"आता इचारून काय करता? पानी आना, साहेब!"

इस्त्रीच्या पँटीत मी दिवस मावळेपर्यंत बादल्या वाहिल्या. लेकरू वाचलं. काकांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, आणि तुमचं बरोबर होतं, हे मीही कधी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी तीन लहान पंखे बसवले, बंबाच्या जागी पाणी तापवायच्या विजेच्या दोन टाक्या. काका सगळं फिरून पाहून एवढंच म्हणाले, "हाव, आता जमलं."

परवा तिसरा पंखा बंद पडला. दोन चालू होते, वॉर्डात कोणाला कळलंही नाही. तीन बटनांशेजारी, खिळ्याला, काकांचं पाणी मारायचं टमरेल अजून आहे. मी ते खाली काढलं, धुतलं, परत अडकवलं... आणि पाना घेऊन तिसऱ्या पंख्याकडे गेलो.