बंद शाळेत अण्णांची तिथी

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही सरकारी शाळेत, त्यामुळे भुतांबद्दल माझं मत ठाम आहे. ती नसतात. माझ्या मुलीनं इंदूरला कॉलेजात जाऊन दोन मित्रांबरोबर भुतं शोधणारी टोळी काढली, तेव्हा मी तिच्याशी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी बोललो, ते तिच्याजवळचं यंत्र नेमकं काय मोजतं हे विचारायला. चुंबकीय लहरी मोजतं, म्हणाली. मी माझा मोबाइल त्याच्याजवळ नेला, तर सगळे दिवे लागले. “घे, सापडलं भूत,” मी म्हणालो. मग ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

आज त्याच टोळीचे आभार मानायला मी बसलोय. माझं मत बदललेलं नाही, पण आभार मानायचे आहेत ते मनापासून.

झालं असं, की मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ही पोरं सोनकच्छच्या पुढे, पीपलरावां गावाच्या बाजूच्या एका खेड्यात जाऊन आली. तिथे संस्थानच्या काळातली एका खोलीची शाळा आहे. दुसरी मोठी शाळा झाल्यावर ती बंद पडली. वर्षातून एकच दिवस, भर दुपारी, त्या बंद खोलीतून पाढे म्हणायचा आवाज येतो, असं सोनकच्छच्या बसस्टँडवरच्या चहावाल्यानं पोरांना सांगितलं आणि दिवसही सांगितला. ही तिघं त्या दिवशी गेली. आवाज खरंच आला. खिडकीबाहेर रेकॉर्डर धरून त्यांनी तो टिपला आणि आत कोण आहे हे न बघता धूम ठोकली. असे हे संशोधक!

मुलगी घरी आली आणि स्वयंपाकघरात बसून तिनं त्या आवाजाचा व्हिडिओ लावला. माझी आई मेथी निवडत होती. फोनमधून एक घोगरा आवाज म्हणत होता, “एक सवा सवा, दो सवा ढाई, तीन सवा...” इथे आवाज थांबला. लाकडावर काहीतरी टकटक दोनदा वाजलं. मग “पौने चार!”

आईच्या हातातली जुडी खाली पडली. “हे अण्णा आहेत,” ती म्हणाली.

अण्णा म्हणजे आईचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते त्याच शाळेत गुरुजी होते. संस्थाननं देवासहून पाठवले, संस्थान गेलं तरी तिथेच राहिले. आठवडाभर खेड्यात एकटे, रविवारी घरी. वर्गातली पोरं नेहमी पौने चारवर अडखळत, म्हणून अण्णा तिथे थांबायचे, छडी दोनदा टेबलावर वाजवायचे आणि मग सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घ्यायचे. घरी आईलाही तसंच शिकवलं. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. शाळा कुठली, हे मी मुलीला कधी सांगितलंच नव्हतं, कारण मी स्वतः कधी विचारलं नव्हतं.

आई नऊ वर्षांची असताना पावसात अण्णा तिथेच गेले, एका दिवसाच्या तापानं. कालीसिंध नदीला पूर होता. गावकऱ्यांनीच अग्नी दिला. पाच दिवसांनी पत्र आलं. आईला भाऊ नव्हता. श्राद्ध तिच्या काकांनी केलं, ते होते तोवर. त्यानंतर गेली चाळीस वर्षं आई स्वतः आषाढ वद्य पंचमीला भटजींना शिधा देते, गच्चीवर पान ठेवते आणि दिवसभर गप्प असते.

त्या व्हिडिओनं तिचं गप्प राहणं रोजचं झालं. तिचं म्हणणं असं: तिथीला आपण बोलावतो तेव्हा अण्णा येत नाहीत आणि भलत्याच दिवशी रिकाम्या शाळेत पाढे म्हणत बसतात. म्हणजे आपण दिलेलं त्यांना पोचत नाही. म्हणजे इतकी वर्षं ते उपाशी आहेत, अडकलेले आहेत. मी तिला आवाजाच्या लहरी समजावल्या. कुणीतरी माणूसच असणार, म्हणालो. ती म्हणाली, “कोण माणूस अण्णांसारखं थांबेल रे?” हरायला लागलो की मी चिडतो. चिडलो. तिचं जेवण अर्ध्यावर आलं. पंचाहत्तरीच्या बाईचं वजन घटायला लागलं की घरात दुसरा विषय राहत नाही.

शेवटी तिनंच फर्मान काढलं. यंदा तिथीला गच्चीवर पान नाही, शाळेत न्यायचं, आणि नात आपली यंत्रं घेऊन बरोबर येणार. “जे असेल ते मला कळू दे,” म्हणाली. मी गाडी काढली. मागच्या सीटवर आई, मांडीवर खीर-वड्यांचा डबा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना टोळीची वायरींची पोतडी. मुलीचे मित्र मोटरसायकलवर. रस्ताभर दोन्हीकडे सोयाबीन हिरवंगार होतं. आईनं खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही.

शाळा मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच ठीक होती. बंद पडलेल्या इमारतीची कौलं, दारं लोक दोन वर्षांत पळवतात, पण इथे सगळं जागच्या जागी होतं. भिंतीला चुना ताजा होता. दाराला कुलूप होतं. खिडकीतून टेबल दिसत होतं, काळा फळा दिसत होता आणि फरशीवर धूळ नव्हती. “बाबा, देखो, धूळ नाहीये,” मुलगी कुजबुजली. तिला यात भूत दिसत होतं. मला झाडू दिसत होता.

पोरांनी ओट्यावर यंत्रं मांडली. बारा वाजले, साडेबारा, एक. मी मोबाइल बंद करून ठेवला होता, पुन्हा भांडण नको म्हणून. एकही दिवा लागला नाही. रेकॉर्डरवर माश्या आणि लांबचा ट्रॅक्टर, एवढंच. आई पायरीवर डबा घेऊन बसली होती. “आजसुद्धा नाही आले,” ती इतक्या हळू म्हणाली की मला माझ्या सगळ्या विज्ञानाची लाज वाटली.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, डोक्याला पंचा, कमरेला किल्ली. त्यांनी यंत्रांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कां से आया, भिया? स्कूल में कंई काम हे?”

मी सांगितलं. इथल्या गुरुजींची ही मुलगी. आज गुरुजींची तिथी, म्हणून आलो.

म्हाताऱ्यांनी आईकडे पाहिलं आणि पहिल्यांदा पंचा डोक्यावरून काढला. मग मान हलवली. “नी भिया. गुरुजी की तिथि तो हुई गई. मइना हुई गयो.”

“आज ही है,” आई ताठ होऊन म्हणाली. “आषाढ वद्य पंचमी.”

“असाढ़ बदी पंचमी, बराबर. पण आज तो सावन हे, बेन. असाढ़ कद को गयो!”

“आषाढच आहे! अमावास्या व्हायची आहे अजून!”

दोघं आपापल्या महिन्यावर अडून बसले, आणि मी बोटांवर पक्ष मोजायला लागलो.

आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आमचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचा महिना आमच्या पुढे असतो. त्यांचा सावन आधी लागतो, आमचा श्रावण मागून येतो. आम्ही त्यावर दरवर्षी थट्टा करतो, शेजाऱ्यांचे उपास सुरू झाले तरी आमचं कांदा-लसूण चालू म्हणून. हे सगळं माहीत असून कुणाच्या डोक्यात आलं नाही, की ते पत्र खेड्यातून आलं होतं. खेड्यानं आपला आषाढ लिहिला होता. आमचा तो ज्येष्ठ. तेरावं घाईत, दिवस मोजून उरकलं होतं. वर्षश्राद्धाला काकांनी पत्र काढून आषाढ वाचला आणि आपल्या पंचांगात आषाढ बघितला.

“चिठ्ठी किसने लिखी थी?” मी विचारलं.

“म्हने,” म्हातारे स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले. “म्हारा अक्षर सबसे अच्छा था नी. तेरा बरस को थो. दादा ने बोल्यो, म्हने लिख्यो.”

आईला समजलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. साठाहून जास्त वर्षं. काकांनी केलेली सगळी श्राद्धं, तिनं दिलेले सगळे शिधे, सगळे चुकीच्या महिन्यात. तिच्या मनातली भीती खरी ठरली होती, आणि ती खरी ठरवायला मीच तिला गाडीत घालून आणलं होतं. ती पायरीवर बसल्या बसल्या वाकली. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिनं हातानं दूर सारली.

माझी मुलगी, जिला मराठी धड वाचता येत नाही आणि जिला मी उनाड म्हणत होतो, ती आजीजवळ खाली बसली. रेकॉर्डर आजीच्या हातात दिला. “आजी, तू पूछ ना त्यांना. आम्ही असंच विचारतो. एक सवाल, आणि मग थांबायचं.”

मला हे थांबवायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण आईनं रेकॉर्डर तोंडाजवळ धरला आणि नऊ वर्षांच्या पोरीनं विचारावं तसं विचारलं, “अण्णा, जेवलात का हो?”

सगळे थांबले. मुलीचे मित्रसुद्धा मान खाली घालून उभे राहिले. यंत्रावर काहीच झालं नाही.

“जीमी लिया, बेन,” म्हातारे म्हणाले.

आईनं वर पाहिलं.

“हर साल जीमे हे. एक साल भूका नी रिया.” त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आम्हाला आत घेतलं. टेबलाशेजारी जमिनीवर शेणानं सारवलेला एक चौकोन होता, पाटाएवढा. तिथे ते दरवर्षी गुरुजींचं पान मांडतात. वाडीतली पोरं बोलावून ओट्यावर जेवू घालतात. जेवणात गुरुजींवाली डाळ असते, चिंच-गुळाची, अण्णांनी या म्हाताऱ्यांच्या आईला शिकवलेली. गावात ती आणखी कुणी करत नाही. पोरं जेवून गेली की ते दार लावून एकटे आत बसतात. “गुरुजी बामण था, मंतर तो चइये नी. पण हमके मंतर नी आवे. पाड़ा आवे. गुरुजी ने दिया, वोज पाछा बोली दां.” म्हणजे मंत्र येत नाहीत, म्हणून गुरुजींनी शिकवलेले पाढेच ते त्यांना परत म्हणून दाखवतात. आवाजाची बातमी पसरली, तेव्हा त्यांनी ती पसरू दिली. भूत आहे म्हटल्यावर कौलांना कुणी हात लावत नाही.

हे सांगून ते आईच्या पाया पडायला वाकले. माळव्यात बहिणीच्या, मुलीच्या पाया पडतात, आणि ही तर गुरुची मुलगी. आईही त्याच वेळी वाकली. दोन म्हाताऱ्या डोक्यांची टक्कर होता होता राहिली. मग आई रडली. गेल्या महिनाभरात ती एकदाही रडली नव्हती.

त्या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला आजही कळलेलं नाही. मी शिक्षक आहे. मी साठ-सत्तर मुलांच्या तुकड्या वर्षामागून वर्षं शिकवल्या, आणि माझ्यामागे कुणी माझं एक सूत्रही म्हणणार नाही, ही खात्री मला होती. ती त्या दुपारी थोडी ढिली झाली, त्याचेही आभार. पोरं घाबरून पळाली, त्याचेसुद्धा. थांबली असती तर एक म्हातारा भेटला असता, व्हिडिओ झाला नसता, आणि आई चुकीच्या महिन्यात गप्प बसत राहिली असती.

निघताना म्हाताऱ्यांनी, आता इथून पुढे तिनं करावं म्हणून, किल्ली आईसमोर धरली: “अबे तम करो, बेन. तमारो हक हे.”

आईनं डोळे पुसले. “काका गेल्यावर मी भटजींना विचारलं होतं,” ती मला म्हणाली, मराठीत. “मुलीनं केलं तर पोचतं का? ते म्हणाले, थोडंफार पोचतं.” मग म्हाताऱ्यांकडे वळून, आपल्या मोडक्या-तोडक्या हिंदीत, पण अगदी ठासून: “आपका पूरा पहुँचा है, भाई. पान आप ही रखना. मैं जीमने आऊँगी.”

तिनं किल्ली त्यांच्या मुठीत परत घातली, आणि ते म्हणाले, बरं, पण एक दिवस आधी यायचं, डाळीला हात लावायला.