मार्गासनीचं शेवटचं वळण

टू-स्ट्रोक इंजिनातल्या जळक्या ऑइलचा वास आला, की मला मार्गासनीजवळचा तो उन्हात तापलेला माळ आठवतो. कापूरहोळच्या ज्या गॅरेजात मी काम शिकलो, तिथले उस्ताद त्या माळावरच्या शर्यतीत उतरले होते, आणि त्यांच्यासमोर मी, भंगारातले सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या मोटरसायकलवर. त्यांना तोवर कुणी हरवलं नव्हतं. शेवटच्या वळणापर्यंत तेच पुढे होते. धुळीनं माझे डोळे चुरचुरत होते, हँडल हातात थरथरत होतं. अचानक त्यांच्या इंजिनाचा आवाज खाली आला आणि मी पुढे निघून शेवटची रेषा ओलांडली. लोक ओरडत होते, पण मी गाडी तशीच टाकून त्यांच्याकडे धावलो. “उस्ताद, वळणावर तुमी गाडी हळू का केली?” चिंधीला हात पुसत ते म्हणाले, “म्या न्हाई केली. तुझीच लई पळाली.” बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. तेवढ्यात कप घ्यायला माझं नाव पुकारलं, तर पुढे जावं की नाही हेच मला कळेना. त्यानंतर मी पुष्कळ शर्यती जिंकलो. उस्ताद आता नाहीत, आणि त्या दिवशी मी जिंकलो की त्यांनी मला जिंकवलं, हे अजूनही मला ठरवता येत नाही.