भावजींची मोटार आणि माझं घंगाळ

जगातली प्रत्येक वस्तू मोटारीत कुठं ना कुठं बसतेच, फक्त तिची जागा सापडायला पाहिजे, असं मानणारा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझा धाकटा दीर होता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजींनी मला वाकून नमस्कार केला आणि लगेच त्यांची नजर माझ्या माहेरच्या भांड्यांवर गेली. एकेक भांडं हातात घेऊन, टिचकी मारून बघत होते. मला वाटलं, काय पारखी माणूस आहे! दोन दिवस मी कौतुकानं फुगून फिरले. आता काय सांगू तुम्हाला, ते पत्र्याची जाडी बघत होते.

मोटार म्हणजे विलायती, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, पोट जमिनीला टेकल्यासारखी शर्यतीची गाडी. एका जहागीरदारसाहेबांची. निजामाचं राज्य गेलं, साहेब कायमचे हैदराबादला निघून गेले आणि गाडी बंगल्यामागं बोरीच्या काट्यांत पडून राहिली. ती भावजींनी साहेबांच्या कारभाऱ्याकडून मागून घेतली आणि बैल जुंपून घरी ओढत आणली. माझे सासरे ओट्यावर बसले होते. म्हणाले, "बैलानंच ओढायची तर आपली बैलगाडी काय वाईट होती?"

"अण्णा, ही तासाला सत्तर मैल पळती!"

"बैलांना सांगितलंस का तसं?"

तेव्हापासून गाडी अंगणात आणि भावजी गाडीखाली. कचेरीत कारकून होते, पण कचेरी सुटली की नुसते दोन पाय दिसायचे. मी चहाचा कप पायांशी ठेवायची, हात बाहेर यायचा, कप आत जायचा. खिशात सदा एक गाठी मारलेला दोरा. एकेक गाठ म्हणजे एकेका हरवलेल्या पुर्ज्याचं माप. कुणाच्या लग्नाला गेले तरी दोरा निघायचा. एकदा पंगतीत तूप वाढायला आलेल्या बाईच्या हातातली वाटी धरून ठेवली, दोरा लावला, "एक सूत कमी पडतंय" म्हणाले आणि तूप न घेताच सोडली. भूमच्या बाजारात भंगार विकणारे एक चाचा होते, त्यांच्यापुढं तर हे उकिडवे बसायचे ते उठायचेच नाहीत. "चाचा, ये मोटार का पुर्जा है क्या?" चाचा बिडी ओढत म्हणायचे, "साब, तुमना जो समझा वो है." आणि भावजी घेऊन यायचे! असं करत गिरणीचा जुना पट्टा पंख्याला बसला, मोटेच्या चामड्याच्या चकत्या पाण्याच्या पंपाला बसल्या, आणि शिवणयंत्राची एक स्प्रिंग कुठं बसली ते भावजींनाही पुढं सापडलं नाही.

तुम्ही म्हणाल, मुंबईहून का नाही मागवले? मागवले असते. पण मुंबईचा दुकानदार गाडीचा नंबर मागायचा, आणि तो नंबर होता इंजिनाजवळच्या एका पितळी पट्टीवर. आता घरात पितळ काळं पडलेलं असणं म्हणजे घरच्या सुनेची लाज. दिवाळीच्या साफसफाईत मी ती पट्टीसुद्धा चिंच आणि राख लावून अशी घासली, अशी घासली, की आरशासारखी झाली. नंबरासकट. भावजी त्या पट्टीत बराच वेळ स्वतःचं तोंड बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, लई चकाकली." एवढंच. त्या माणसाचा राग असा वाया जायचा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण भावजींनी शपथ घेतली होती, मुलगी बघायला जाईन तर स्वतःच्या मोटारीतून, एस.टी.नं जाणार नाही. आणि मला तर जाऊ पाहिजे होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, घरात तीन पुरुष आणि मी एकटी. सासरे ओट्यावर, आमचे हे पेपरात, भावजी मोटारीखाली. बोलावं कुणाशी? भांडावं तरी कुणाशी? स्थळं येत होती, गाडी सुरू होत नव्हती, स्थळं जात होती. शेवटी कळंबचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, हसतमुख, असं सांगणं आलं. तिच्या वडलांनी निरोप धाडला, अक्षय्यतृतीयेच्या आत येऊन बघून जा, नाहीतर लातूरचं एक स्थळ तयार आहे. मी त्या अजून न पाहिलेल्या लातूरच्या स्थळाला मनातल्या मनात लई शिव्या घालून ठेवल्या.

गाडीत तेव्हा एकच खोट उरली होती. इंजिनाचं वरचं झाकण आणि खालचं धड यांच्यामध्ये तांब्याचा एक पत्रा असतो, भोकाभोकांचा. तो जळाला होता. तो नसला की वाफ नको तिथून निघते आणि गाडी नुसती फुसफुसते. भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. नजर माझ्या माहेरच्या तांब्याच्या घंगाळावर.

"नाही," मी म्हणाले.

"वहिनी, अंघोळ काय बादलीत होत नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"बरं. मग लातूरवाले करू देत लग्न."

मी घंगाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. पाण्यासकट.

आता भोकांचं माप कसं घ्यायचं? दोऱ्याचं हे काम नव्हतं. मीच अक्कल पाजळली, कणकेची पोळी लाटून इंजिनावर दाबू, ठसा उठेल. माझ्या पोळ्यांचा मला केवढा अभिमान! तेलपाण्यात तिंबलेली, रेशमासारखी कणीक. लांबट पोळी लाटली, दाबली, ठसा सुरेख उठला. त्याबरहुकूम तांबटानं घंगाळाची एक बाजू ठोकून, सपाट करून पत्रा कापला. बसवायला गेलो तर एक भोक भोकावर येईना! सगळाच पत्रा आखडलेला. भावजी डोकं धरून बसले आणि मी उरलेल्या कणकेकडं बघत होते. पोळी लाटली की पोळपाटावर आखडते, हे मला रोज दिसत होतं की! तीच गोष्ट इंजिनावर घडेल हे काही सुचलं नाही. चांगल्या कणकेचा गुणच तो, आणि मी तोच मिरवत होते.

मग उठले आणि ज्वारीचं पीठ काढलं. भाकरी थापली की आहे तिथंच राहते, आखडायचं नाव नाही. वीतभर रुंद, हातभर लांब भाकरी थापली, काजळी भुरभुरून इंजिनावर दाबली. उचलताना मात्र जीव मुठीत. तव्यावर टाकायची रोजची सवय म्हणून न मोडता पाटावर आली. सासरे ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "सूनबाई, भाकरीबरोबर कोरड्यास काय केलंय मोटारीला?"

घंगाळाच्या बुडाचा पत्रा निघाला आणि चपखल बसला. भावजींनी दांडा फिरवला. गाडी खोकली, थरथरली आणि अशी गर्जली की शेजारची गाय दावं तोडून गेली. मी पदरानं डोळे पुसत होते. घंगाळासाठी की जावेसाठी, तेव्हाही कळलं नाही.

सासरे आणि आमचे हे एस.टी.नं पुढं गेले. गाडीत भावजी आणि शेजारी मी. निघाल्यावर कळलं, भोंगा बसवायचा राहिलाय. भावजी म्हणाले, "वहिनी, तुमचा आवाज खणखणीत आहे." झालं! येडशीपासून कळंबपर्यंत "सरका हो! बाजूला व्हा हो!" असं मी ओरडत गेले. शेरडं, बैलगाड्या, बाजाराची माणसं. नऊवारी नेसून, डोळ्यांत धूळ, डोक्यावरचा पदर मागं झेंड्यासारखा. कळंबला पोचलो तेव्हा घशातून शब्द फुटेना. मुलीला चार प्रश्न विचारायचं काम माझं, आणि मी नुसती मान हलवत बसले. मुलीच्या आईला वाटलं, वहिनी मुकी आहे. मला आग्रह करून दोन लाडू जास्त वाढले.

मुलगी मला पाणी द्यायच्या निमित्तानं आत घेऊन गेली. हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवली आणि दाराकडं बघत हळूच म्हणाली, "वहिनी, पुढच्या खेपेला मी ओरडू का?"

मला जाऊ मिळाली.

काय दिवस होते! आम्ही दोघी एका ताटात जेवलो. भांडलोसुद्धा, मीठ कमी की जास्त यावरून, हौसेनं. दुपारी तिचे पाय आणि भावजींचे पाय गाडीखालून दिसायचे, आणि मी पुर्जे हातात द्यायची, उलटेसुलटे. मग भावजींची परभणीला बदली झाली. सरकारी कागद, त्याला काय बोलणार? सामान ट्रकनं पुढं गेलं आणि ती दोघं मोटारीतून निघाली. मी दारात हसत उभी होते. मीच तर ती गाडी चालती केली होती, हसू नको तर काय करू?

गाडी उभी असायची तिथं अंगणात तेलाचा एक काळा डाग राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाचा सडा टाकत गेले, आणि त्या डागाला वळसा घालून पुढं झाले. सासरे ओट्यावरून बघत होते.

"सूनबाई, तेवढं राहिलं की."

"राहू द्या, मामंजी," मी म्हणाले.

मग तेही ओट्यावरून उतरले की त्या डागाला वळसा घालूनच जायचे.