ओढ्यातला बाजार

बोरखडीचा बुधवारचा बाजार ओढ्यात भरतो. ओढ्याच्या काठावर नव्हे, ओढ्यातच. पाथर्डी तालुक्याच्या त्या टोकाला पाऊस हातचं राखूनच पडतो. वर्षातला बहुतेक काळ ओढ्यात नुसती वाळू, काठाला करंजाची सावली, आणि गावात एवढी सपाट मोकळी जागा दुसरी नाही. गोजरबाई त्या वाळूत भाजी घेऊन बसते.

तरुणपणी ती ऊसतोडीला जायची. दसरा झाला की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर, आणि तान्ही रेश्मा फडाच्या कडेला साडीच्या झोळीत. एका वर्षी मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना नवऱ्याचा पाय घसरला. कमरेतून तो जो गेला तो पुन्हा सरळ उभा राहिला नाही, आणि काही वर्षांनी गेलाच. गोजरबाईनं कोयता ठेवून दिला आणि भाजीची पाटी उचलली. बाजारात तिला जागा दिली ती बायडाबाईनं. बायडाबाई तिच्याहून थोरली, लसूण-मिरची विकायची. आपलं गोणपाट जरा सरकवून म्हणाली, बस इथं, कुणी उठवलं तर माझं नाव सांग. तेव्हापासून दोघी शेजारी. एकीचं गिऱ्हाईक दुसरी सांभाळायची, दुपारी दोघींची भाकरी एकाच फडक्यावर सुटायची.

इतक्या वर्षांत ओढा मात्र आखडत गेला. एका कडेला मुरूम टाकून दुकानाचे गाळे उभे राहिले, दुसऱ्या कडेच्या शेतानं बांध पुढं रेटला. बाजाराच्या वरच्या अंगाला डांबरी रस्ता ओढा ओलांडतो. तिथं सिमेंटच्या नळ्या टाकून वर मातीचा भराव घातलेला ठेंगणा पूल आहे. त्या नळ्यांच्या तोंडाशी वेड्या बाभळीच्या फांद्या, उसाचं पाचट, प्लास्टिकच्या पिशव्या येऊन बसायच्या. ग्रामसभेत विषय निघायचा, माना डोलायच्या, आणि पाणीच येत नाही तर नळ्या उपसायच्या कशाला, असं म्हणून तो तिथंच राहायचा.

भाद्रपदातल्या त्या बुधवारी बोरखडीत ऊन रखरखत होतं. डोंगराच्या अंगाला मात्र सकाळपासून आभाळ काळंनिळं झालेलं. दुपार कलली तसा गोजरबाईचा मोबाईल वाजला. रेश्माला ह्याच ओढ्यावर, वर डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत दिलेली आहे. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"आई, इकडं लई बेकार पाऊस चाललाय. आमचा वढा रस्त्यावर आलाय. तू बाजारात असशील तर ऊठ, आधी वर जा."

पुढचं काही कळायच्या आत फोन तुटला. गोजरबाईनं समोर पाहिलं. वाळू इतकी तापलेली की कोथिंबिरीनं माना टाकल्या होत्या. पण रेश्मा उगाच घाबरणारी पोर नाही. गोजरबाईनं आधी बायडाबाईला सांगितलं, मग उभी राहून सगळ्यांना. कापडवाला कल्याण पहिल्यांदा हसला. मग त्यानं वरच्या गावातल्या आपल्या पाहुण्याला फोन लावला, आणि फोन ठेवून तो तागे गुंडाळायला लागला. ते पाहून सगळा बाजार हलला. पाट्या, पोती, तराजू घेऊन माणसं गाळ्यांपाशी वर येऊन थांबली.

पाणी आलं. गढूळ, फेसाळ, वर पालापाचोळा आणि शेणकाड्या तरंगत असलेलं. वाळूवरून सरपटत ते पुढं सरकलं, घोट्याएवढं झालं, आणि तेवढंच राहिलं. लोक वाट पाहत राहिले. पाणी वाढेना. एवढ्यासाठी का उठवलं, असं कुणी हळू, कुणी मोठ्यानं म्हणायला लागलं. बाजाराची खरी वेळ तीच असते, शेतातून सुटलेली माणसं तेव्हाच येतात. एकेक जण खाली उतरला. कडेची वाळू कोरडीच होती, तिथंच पुन्हा पाट्या मांडल्या गेल्या. बायडाबाईही गोणपाट काखेत मारून तिथं जाऊन बसली.

गोजरबाई वरच राहिली. पाणी थोडं आलं याचाच तिला घोर लागला होता. रेश्माच्या वाडीत रस्त्यावर चढलेला ओढा मग गेला कुठं? तिनं पुलाकडं पाहिलं. भरावापलीकडचं काही दिसत नव्हतं. पुलावर गाड्या थांबल्या होत्या, माणसं उतरून उभी होती. त्यातलं एकही बाजाराकडं पाहत नव्हतं. सगळे पाठमोरे, वरच्या अंगाला तोंड करून. मग त्यातला एक जण पुलावरून पळत सुटला.

ती खाली उतरली.

"अक्का, उठा."

"अगं, घोटाभर पानी हाय. बस खाली."

"त्या पुलावरची मानसं बगा. समदी तिकडं तोंड करून हायती."

बायडाबाईनं मान वळवून पाहिलं आणि तिचं हसू गेलं. जमिनीला हात टेकून ती उठायला लागली. तिचे गुडघे कधीचे धरलेले होते. गोजरबाईनं तिच्या काखेत हात घातला. तेवढ्यात वरून आवाज आला, डंपरमधून दगड ओतल्यासारखा. तुंबलेल्या पाण्यानं पुलाचा भराव फोडला होता. पुढं आलं ते पाणी दिसतच नव्हतं, नुसत्या बाभळीच्या फांद्या एकमेकींवर लोळत येत होत्या आणि त्यांच्या मागून पाणी त्यांना ढकलत होतं.

माणसं काठाकडं पळाली. ह्या दोघी करंजापर्यंत पोचल्या, पण वर चढायला वेळ उरला नाही. गोजरबाईनं एक हात खोडाला घातला, दुसऱ्यानं बायडाबाईचं मनगट धरलं. पाणी कमरेवरून छातीला आलं. बायडाबाई तिच्याकडं पाहत होती. मग कुणाचा तरी हातगाडा वाहत आला आणि दोघींच्या मधून गेला. गोजरबाईच्या मुठीत फुटलेल्या बांगड्या राहिल्या.

कल्याणनं आणि गाळेवाल्यांनी दोर टाकून तिला ओढून काढलं. बायडाबाई दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याच्या भिंतीशी सापडली.

गावात म्हणत होते, गोजरबाईनं उठवलं म्हणून माणसं मधल्या वाळूतून कडेला आली होती, तिच्यामुळं बाजार वाचला, नाहीतर किती गेले असते. तिला ते ऐकवत नसे. अक्का परत खाली उतरली तेव्हा आपण तिचा पदर का धरला नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहायचं.

पूल दुरुस्त झाला. तसाच भराव, तशाच नळ्या. बाजार काही दिवस रस्त्याच्या कडेला भरला. तिथं सावली नाही, गाड्यांची धूळ, दर बुधवारी भांडणं. दिवाळीला थोडे जण वाळूत उतरले, संक्रांतीपर्यंत सगळेच. एकटी गोजरबाई वर राहिली आणि तिची भाजी तशीच घरी परत जायला लागली. बायडाबाईच्या जागेवर आता तिची सून सत्यशीला बसत होती. एका बुधवारी गोजरबाई तिला समजवायला गेली.

"मावशी, वर कोन येतंय घ्यायला?" सत्यशीला म्हणाली. "समदं गिऱ्हाईक हितं हाय. मी पोरांना काय घालू?"

गोजरबाई परत वर गेली. पुढच्या बुधवारी ती खाली येऊन तिच्या शेजारी बसली.

आता ती पुलाकडं तोंड करून बसते, त्यामुळं गिऱ्हाइकांना वळसा घालून समोर यावं लागतं. डोंगराच्या अंगाला ढग दाटले की ती कुणाला विचारत नाही, कुणाला सांगतही नाही. पाटी भरते आणि काठावर जाऊन उभी राहते. सत्यशीला पहिल्यांदा ओशाळायची, आता तीही गोणपाट झटकून मागोमाग येते. खाली बाकीचा बाजार बसलेलाच असतो.